मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन: काय काढतात, तयारी कशी करायची, घरी गेल्यावर काय बघायचं

गाठ तीन सेंटीमीटरची, मग फूटभर आतडं कशाला काढायचं? ऑपरेशन ठरलं की बहुतेक घरांत हा प्रश्न निघतोच. रास्त आहे, आणि याचं उत्तर एकदा नीट कळलं की डॉक्टर पुढे जे जे सांगतात त्यातलं बरंचसं उमगायला लागतं. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मोठं आतडं साधारण दीड मीटर लांब असतं. पोटाच्या उजव्या खालच्या भागात लहान आतडं त्याला येऊन मिळतं. तिथून ते वर चढतं, यकृताखाली वळून आडवं डावीकडे जातं, प्लीहेपाशी पुन्हा वळून खाली उतरतं. मग येतो सिग्मॉइड नावाचा नागमोडी भाग आणि शेवटी मलाशय. या सगळ्या आतड्याला मागून एक चरबीयुक्त पडदा धरून ठेवतो. तो पंख्यासारखा पसरलेला असतो, मुळाशी अरुंद आणि आतड्यापाशी रुंद. आतड्याला रक्त पुरवणाऱ्या धमन्या याच पडद्यातून येतात, आणि धमन्यांच्या कडेकडेने लसिकाग्रंथी, म्हणजे लिम्फ नोड, असतात. कॅन्सरच्या पेशी गाठीतून बाहेर पडल्या तर बहुतेक वेळा आधी याच ग्रंथींत जाऊन बसतात.

त्या ग्रंथी पूर्ण काढायच्या तर धमनी तिच्या मुळाजवळ बांधावी लागते. धमनी बांधली की तिच्यावर जगणाऱ्या आतड्याचं रक्त तुटतं, त्यामुळे तेवढा सगळा भाग काढावाच लागतो. शिवाय गाठीच्या दोन्ही बाजूंना निदान पाच सेंटीमीटर निरोगी आतडं सोबत घेतात. म्हणजे किती आतडं जाणार हे गाठीच्या आकारापेक्षा ती कुठल्या धमनीच्या हद्दीत आहे त्यावर ठरतं. घाबरण्याचं कारण नाही, उरलेलं आतडं काम सांभाळून घेतं.

एक खुलासा आताच केलेला बरा. मलाशयाच्या कॅन्सरचा रस्ता वेगळा आहे. तिथे अनेकदा आधी रेडिएशन आणि किमो देतात, मग ऑपरेशन. ओळखीतल्या कुणाला 'आधी रेडिएशन दिलं होतं' असं ऐकून आपल्यालाच का नाही, म्हणून अस्वस्थ होऊ नका. मलाशयाच्या वरच्या आतड्यात, म्हणजे कोलनमध्ये, कॅन्सर दूरवर पसरलेला नसेल तर बहुतेक वेळा पहिला उपचार ऑपरेशनच असतो.

पहिली पायरी: ऑपरेशनआधीच्या तपासण्या

कोलोनोस्कोपी, म्हणजे गुदद्वारातून कॅमेरा घालून मोठं आतडं आतून बघण्याची तपासणी, पूर्ण झाली का, हे आधी विचारा. पूर्ण म्हणजे आतड्याच्या सुरुवातीच्या टोकापर्यंत. गाठीने वाट अडवल्यामुळे कॅमेरा पुढे गेला नसेल तर पलीकडचं आतडं बघायचं राहिलेलं असतं, आणि काही पेशंटना एकाच वेळी दुसरीकडेही गाठ असते. अशा वेळी सीटी कोलोनोग्राफी, म्हणजे सीटी स्कॅनवरच आतड्याची आतली बाजू बघण्याची तपासणी, करतात, नाहीतर ऑपरेशननंतर काही महिन्यांत कोलोनोस्कोपी पूर्ण करतात. हे कागदावर लिहून घ्या, कारण नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

गाठ लहान असेल तर कोलोनोस्कोपीच्या वेळीच तिच्याजवळ शाईचं इंजेक्शन देऊन खूण करतात. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये सर्जनला आतडं हाताने चाचपता येत नाही. खूण नसेल तर छोटी गाठ बाहेरून सापडणं अवघड जातं.

बाकी छाती, पोट आणि ओटीपोटाचा सीटी स्कॅन, हिमोग्लोबिन, किडनी-लिव्हरच्या तपासण्या, आणि सीईए नावाची रक्ततपासणी. सीईए निदानासाठी फारशी कामाची नाही, कारण कॅन्सर असूनही ती नॉर्मल येऊ शकते आणि सिगारेट ओढणाऱ्यांत कॅन्सर नसतानाही थोडी वाढलेली दिसते. तिचा उपयोग पुढे होतो: ऑपरेशनआधी वाढलेली होती, नंतर उतरली, आणि काही महिन्यांनी पुन्हा चढायला लागली तर शोध घ्यायचा. त्यासाठी आधीचा आकडा हातात हवा.

बायोप्सीच्या तुकड्यावर एमएमआर तपासणी झाली आहे का, हेही विचारा. पेशीतल्या डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी प्रथिनं शाबूत आहेत का, ते यातून कळतं. नसतील तर त्याचा परिणाम किमोच्या निर्णयावर, इम्युनोथेरपीच्या, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरविरुद्ध कामाला लावणाऱ्या औषधांच्या, शक्यतेवर आणि घरातल्या इतरांच्या तपासण्यांवरही होतो.

ऑपरेशन कोणतं?

पॉलिपमध्येच, म्हणजे आतड्याच्या अस्तरावर वाढलेल्या कोंबातच, अगदी सुरुवातीचा कॅन्सर असेल तर कोलोनोस्कोपीतून पॉलिप काढणं पुरेसं ठरू शकतं. पण पॅथॉलॉजीत कापलेल्या कडेपर्यंत पेशी दिसल्या, पेशी खोलवर गेलेल्या किंवा जास्त आक्रमक प्रकारच्या निघाल्या, किंवा लसिकावाहिन्यांत-रक्तवाहिन्यांत शिरलेल्या आढळल्या, तर आतड्याचा भाग काढायचा सल्ला देतात. 'गाठ तर निघाली, आता पुन्हा ऑपरेशन कशाला' याचं उत्तर वर आलंच आहे: ग्रंथी अजून आतच आहेत.

गाठ उजवीकडे असेल तर राइट हेमिकोलेक्टॉमी. यात लहान आतड्याचं शेवटचं टोक, अपेंडिक्स, वर चढणारा भाग आणि आडव्या भागाचा थोडा तुकडा जातो. डावीकडे उतरणाऱ्या भागासाठी लेफ्ट हेमिकोलेक्टॉमी, सिग्मॉइडसाठी सिग्मॉइड कोलेक्टॉमी. आडव्या भागाच्या मध्यावरची गाठ जरा अडचणीची असते. तिथे बऱ्याचदा उजवं ऑपरेशनच पुढे वाढवतात. एकाहून जास्त गाठी असतील किंवा आनुवंशिक आजार असेल तर जवळजवळ सगळं मोठं आतडं काढायचा विचार होतो.

पोट उघडून करायचं की दुर्बिणीतून, यावर घरात बरीच चर्चा होते. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीत ८७२ पेशंटची तुलना झाली आणि कॅन्सर परत येण्याचं प्रमाण दोन्हींत जवळपास सारखंच निघालं. दुर्बिणीत दुखणं कमी असतं आणि घरी लवकर जाता येतं. पण गाठ फार मोठी असेल, शेजारच्या अवयवाला चिकटली असेल, आतडं फुगलेलं असेल किंवा आधीच्या ऑपरेशनमुळे पोटात चिकटपणा असेल, तर उघडून करणंच सुरक्षित. दुर्बिणीतून सुरू करून मध्येच पोट उघडावं लागलं तर ते अपयश समजू नका. सर्जनने वेळीच घेतलेला तो शहाणा निर्णय असतो. रोबोट हाही दुर्बिणीचाच प्रकार. तो आपणहून काही कापत नाही, सर्जनच तो चालवतो.

दुसरी पायरी: आधीचे काही आठवडे

ऑपरेशन तातडीचं नसेल तर दोन-चार आठवडे हातात असतात. ते हातावर हात ठेवून घालवू नयेत.

उजव्या बाजूची गाठ बऱ्याचदा गुपचूप रक्त गळवत असते. हिमोग्लोबिन कमी असेल तर ऑपरेशन काही आठवड्यांवर असताना शिरेतून लोह देतात. गोळ्यांपेक्षा ते वेगाने भरून येतं आणि रक्त चढवण्याची गरज कमी पडते. सिगारेट, विडी, तंबाखू निदान चार आठवडे आधी पूर्ण बंद. यात फक्त फुप्फुसांचा प्रश्न नाही: निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि आतड्याच्या जोडाला रक्त कमी पडतं. रोज अर्धा तास चालणं, श्वासाचे व्यायाम आणि भरपूर प्रथिनं असलेला आहार, एवढं केलं तरी फरक दिसतो. वजन उतरलं असेल तर आहारतज्ज्ञाला जरूर भेटा.

औषधांची यादी भूलतज्ज्ञाला दाखवा, जडीबुटी आणि पूरक गोळ्यांसकट. रक्त पातळ करणारी औषधं किती दिवस आधी थांबवायची हे औषधागणिक बदलतं. वॉरफरिन आणि क्लोपिडोग्रेल साधारण पाच दिवस किंवा थोडं जास्त, नवी औषधं त्याहून कमी. स्वतःच्या मनाने मात्र काहीही बंद करू नका. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने गोळी परस्पर बंद केली तर धोका जिवावरचा आहे. डायबेटिसच्या गोळ्यांपैकी डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या प्रकारातल्या साधारण तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी त्यांच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं, आणि साखर फारशी वाढलेली नसल्याने ते कुणाच्या चटकन लक्षातही येत नाही.

पोटावर पिशवी, म्हणजे आतड्याचं टोक पोटावर काढून मळ गोळा करायला चिकटवलेली पिशवी, लागण्याची थोडीही शक्यता असेल तर तिची जागा ऑपरेशनआधीच आखून घ्यायला सांगा. तुम्हाला बसवून, उभं करून, वाकायला लावून, कपड्यांचा पट्टा कुठे येतो ते बघून पेनाने खूण करतात. झोपलेल्या माणसाच्या पोटावर जागा ठरवली तर ती पुढे घडीत येते आणि पिशवी सारखी सुटते.

आदला दिवस आणि ऑपरेशनचा दिवस

आतडं साफ करायचं औषध सगळ्यांनाच देत नाहीत. देतात तेव्हा बहुधा पॉलिइथिलीन ग्लायकॉलचं दोन ते चार लिटर पाणी थोड्या थोड्या वेळाने प्यायचं असतं, आणि सोबत तोंडाने घ्यायची अँटिबायोटिक असतात. या जोडीने जखमेत पू होण्याचं प्रमाण कमी होतं. गाठीने आतडं जवळजवळ बंद झालं असेल तर हे औषध धोक्याचं. पोट फुगलं, उलट्या झाल्या किंवा कळा आल्या तर पिणं थांबवून लगेच कळवा.

मध्यरात्रीपासून पाण्याचा थेंबही नको, हा जुना नियम आता बराच सैल झाला आहे. सर्वसाधारणपणे घन अन्न भुलेच्या सहा तास आधीपर्यंत आणि स्वच्छ पातळ पेय दोन तास आधीपर्यंत चालतं. दूध किंवा गर असलेला रस स्वच्छ पेयात मोडत नाही. तुमचं पोट सावकाश रिकामं होत असेल, उदाहरणार्थ जुना डायबेटिस असेल, तर भूलतज्ज्ञ वेगळी वेळ देतील, तीच पाळा.

टेबलवर पूर्ण भूल असते. चीर देण्याआधीच्या तासाभरात अँटिबायोटिक दिलं जातं. ऑपरेशनला साधारण दोन ते चार तास लागतात. सर्जन आधी यकृत आणि पोटाचं आतलं अस्तर बघतो, मग धमनी बांधून पडद्यासकट आतड्याचा भाग सोडवतो, आणि उरलेली दोन टोकं स्टेपलरने किंवा टाक्यांनी जोडतो. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्येही काढलेला भाग बाहेर घ्यायला काही सेंटीमीटरची एक चीर लागतेच. 'दुर्बिणीतून केलं मग एवढी चीर कशी' असं वाटायला नको.

तिसरी पायरी: हॉस्पिटलमधले दिवस

डेन्मार्कचे सर्जन हेन्रिक केलेट यांनी १९९०च्या दशकात ऑपरेशननंतरच्या जुन्या सवयी एकेक करून तपासल्या. नाकातली नळी, लांबवलेला उपास, अंथरुणात पडून राहणं, यांतल्या बऱ्याच गोष्टींनी पेशंट उलट मागे पडतो, हे त्यातून पुढे आलं. त्यामुळे आज बहुतेक ठिकाणी त्याच दिवशी घोट घोट पाणी, दुसऱ्या दिवशी खुर्चीत बसणं आणि चालणं, लघवीची नळी लवकर काढणं असा क्रम असतो. नातेवाइकांना हे निर्दयी वाटतं. पण पेशंटला चालवल्याने रक्ताच्या गुठळ्या आणि न्यूमोनिया टळतो, आणि आतडंही लवकर जागं होतं. दुखत असेल तर सहन करू नका, सांगा. दुखत असेल तर माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, उठत नाही. अफूवर्गातली जोरदार औषधं मात्र बेताने देतात, कारण त्यांनी आतडं सुस्तावतं.

काही दिवस आतडं हालचालच करत नाही, असं अनेकांना होतं. पोट फुगतं, मळमळतं, गॅस सरकत नाही. अशा वेळी तोंडाने खाणं थांबवून सलाईनवर ठेवतात, उलट्या फार असतील तर नाकातून नळी घालतात. बहुधा काही दिवसांत ते सुटतं. दुर्बिणीचं ऑपरेशन सुरळीत झालं तर तीन ते पाच दिवसांत घरी, उघडून केलं तर आणखी काही दिवस.

जोड गळणं

यावर थोडं थांबून बोलायला हवं, कारण सगळ्यात जास्त नुकसान याने होतं आणि वेळीच ओळखलं तर खूप काही वाचतं.

जोडलेली दोन टोकं भरून यायला रक्तपुरवठा चांगला हवा आणि ताण नको. कुपोषण, तंबाखू, स्टिरॉइड, तातडीचं ऑपरेशन, यांनी धोका वाढतो. सगळं नीट करूनही शंभरातल्या काही जणांचा जोड गळतो. मलाशयाच्या जोडात हे प्रमाण कोलनपेक्षा जास्त असतं. गळती बहुधा पहिल्या आठवड्यात कळते, क्वचित त्यानंतरही, म्हणजे घरी गेल्यावर.

सुरुवातीची लक्षणं फसवी असतात. कालपर्यंत बरा असलेला पेशंट आज 'बरं वाटत नाही' म्हणतो, नाडी विश्रांतीतही १००च्या वर राहते, भूक जाते, पोट पुन्हा फुगतं. ताप आणि जोराची पोटदुखी कधी कधी उशिरा येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी रक्तातलं सीआरपी, म्हणजे शरीरातली सूज-संसर्ग दाखवणारं प्रथिन, १५०च्या वर असेल तर डॉक्टर सावध होतात आणि सीटी स्कॅन करतात. छोटी गळती अँटिबायोटिकवर आणि नळीने पू काढून आवरते. मोठी असेल तर पुन्हा पोट उघडून आतडं पिशवीत काढावं लागतं. त्या वेळी निर्णयाला उशीर लावू नका. 'एवढ्यात दुसरं ऑपरेशन कसं' म्हणून घालवलेला दिवस महागात पडतो.

पिशवी लागली तर

कोलनच्या ठरवून केलेल्या ऑपरेशनमध्ये बहुतेकांना पिशवी लागत नाही. आतडं बंद पडलं किंवा फुटलं म्हणून घाईत ऑपरेशन झालं, पोटात घाण पसरली असेल, किंवा पेशंटची तब्येत जोड पेलण्यासारखी नसेल, तेव्हा ती लागते. डाव्या बाजूची गाठ काढून वरचं टोक पोटावर आणणं आणि खालचं टोक बंद करून आत ठेवणं, याला हार्टमन ऑपरेशन म्हणतात. पुढे काही महिन्यांनी टोकं जोडता येतात, पण सगळ्यांची जोडली जातातच असं नाही. म्हणून 'तात्पुरती का कायमची' हे स्पष्ट विचारून घ्या.

पोटावरचं आतड्याचं तोंड लालसर-गुलाबी आणि ओलसर असायला हवं. पुसताना थोडं रक्त लागलं तर चिंता नको. काळपट किंवा जांभळं दिसलं तर ताबडतोब दाखवा. पिशवीच्या चकतीचं भोक तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं कापा. जास्त मोठं ठेवलं तर मळ कातडीला लागतो, कातडी सोलवटते, मग चकती चिकटत नाही आणि आणखी गळते. सूज उतरत असते त्यामुळे पहिले सहा-आठ आठवडे दर वेळी माप पुन्हा घ्या. पिशवी एक तृतीयांश ते निम्मी भरली की रिकामी करा.

लहान आतड्याची पिशवी असेल तर खरा धोका पाणी आणि मीठ कमी पडण्याचा. दिवसाला दीड लिटरपेक्षा जास्त येऊ लागलं, लघवी कमी आणि गडद झाली, उभं राहताना चक्कर आली, तर नुसतं साधं पाणी पीत राहू नका. त्याने पिशवीतला पाझर वाढतो आणि मीठ आणखी जातं. ओआरएस घ्या आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

चौथी पायरी: घरी गेल्यावर

पहिले काही आठवडे मऊ, कमी चोथ्याचं जेवण, दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. मग एकेक पदार्थ वाढवत नेहमीच्या आहारावर या. उजव्या बाजूचं ऑपरेशन झालेल्या काहींना जुलाबासारखं पातळ होत राहतं. लहान आतड्याचं टोक गेल्याने पित्तातली आम्लं पुरेशी शोषली न जाता मोठ्या आतड्यात उतरतात, हे त्याचं एक कारण. त्यावर कोलेस्टिरामीनसारखं औषध आहे, तेव्हा पथ्यावर पथ्य वाढवत बसू नका.

सहा आठवडे चार-पाच किलोपेक्षा जड काही उचलू नका, नाहीतर चिरेतून हर्निया येऊ शकतो. गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटात टोचायचं हेपारिनचं इंजेक्शन कॅन्सरच्या ऑपरेशननंतर बऱ्याचदा चार आठवड्यांपर्यंत चालू ठेवतात. घरी कोण टोचणार हे डिस्चार्जच्या आधीच ठरवा.

यांतलं काहीही झालं तर दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका:

- ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप किंवा थंडी वाजणं
- वाढत जाणारी पोटदुखी, फुगलेलं पोट, थांबत नसलेल्या उलट्या
- गॅस आणि शौच दोन्ही बंद
- जखमेतून पू किंवा मळासारखा पाझर
- एका पोटरीला सूज आणि दुखणं, अचानक दम लागणं किंवा छातीत दुखणं

रिपोर्ट वाचताना

काढलेल्या आतड्याचा रिपोर्ट साधारण एक-दोन आठवड्यांत येतो. स्टेज खरं तर यावरून ठरते. सीटीवरचा अंदाज हा अंदाजच. टी म्हणजे गाठ आतड्याच्या भिंतीत किती खोल गेली, एन म्हणजे किती ग्रंथींत पेशी सापडल्या, एम म्हणजे दूर पसरली का. एन शून्य असेल तर स्वाभाविकच हायसं वाटतं, पण त्यासोबत एकूण किती ग्रंथी तपासल्या तो आकडा बघा. तो १२ किंवा जास्त हवा. पाच ग्रंथी बघून 'एकातही नाही' म्हणणं कच्चं आहे, कारण न तपासलेल्या ग्रंथीत काय होतं ते कुणालाच ठाऊक नसतं. आकडा कमी असेल तर पॅथॉलॉजिस्टला जपून ठेवलेल्या चरबीत पुन्हा शोधायला सांगता येतं.

ग्रंथींत पेशी निघाल्या आणि दूर पसरलेलं नसेल तर ती तिसरी स्टेज, आणि तब्येत झेपत असेल तर किमो सुचवतात. किमो तीन महिने द्यायची की सहा, हे औषधांच्या जोडीवर आणि धोक्यावर ठरतं. दुसऱ्या स्टेजला सगळ्यांना किमो लागत नाही. ग्रंथी कमी तपासल्या असतील, आतडं फुटलं किंवा बंद पडलं असेल, गाठ भिंतीच्या पार गेली असेल, तर विचार होतो. किमो सुरू करायची तर ऑपरेशननंतर साधारण सहा ते आठ आठवड्यांच्या आत, म्हणून रिपोर्ट आल्याबरोबर ऑन्कॉलॉजिस्टची वेळ घ्या. यकृतात किंवा फुप्फुसात मोजक्या गाठी असतील तरी त्या काढून काही जण पूर्ण बरे होतात. चौथी स्टेज म्हटली की ऑपरेशनचा प्रश्नच मिटला, असं धरून चालू नका.

पुढची पाच वर्षं पाठपुरावा ठरलेला असतो: पहिली दोन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी आणि सीईए, मग पाच वर्षांपर्यंत दर सहा महिन्यांनी. सीटी स्कॅन सहा ते बारा महिन्यांनी. कोलोनोस्कोपी ऑपरेशननंतर एका वर्षाने, सगळं ठीक असेल तर त्यानंतर तीन वर्षांनी, मग पाच. आई-वडील, भावंडं आणि मुलांना कोलोनोस्कोपी कधीपासून करायची तेही याच भेटीत विचारून घ्या. सर्वसाधारण सल्ला चाळिसाव्या वर्षी, किंवा पेशंटचं निदान ज्या वयात झालं त्याच्या दहा वर्षं आधी, यांपैकी जे लवकर येईल ते. एमएमआर तपासणीत दोष निघून आनुवंशिक लिंच सिंड्रोम पक्का झाला तर ही तपासणी विशी-पंचविशीतच सुरू करावी लागते.